१४३ कोड आणि न मिळालेले उत्तर: गुणात्मक विश्लेषणाचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरताना

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गटाकडे १४३ कोड, म्हणजे मुलाखतींतल्या तुकड्यांना आशयानुसार दिलेली छोटी नावे, जमले होते. त्यांतले ६१ फक्त एकेकदाच वापरलेले. ज्या प्रश्नासाठी सगळा खटाटोप चालला होता, की रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेचे नेमके काय होते, त्याचे उत्तर या यादीतून निघत नव्हते. सॉफ्टवेअर बिघडले नव्हते. सांगितले ते सगळे त्याने चोख केले होते.

परिस्थिती अशी. तीन संशोधकांचा गट, १८ मुलाखती, प्रत्येक साधारण ५० मिनिटांची, म्हणजे १५ तासांचे ध्वनिमुद्रण. टाइप झाल्यावर प्रत्येकी सुमारे ५,००० शब्द, एकूण ९०,०००. याआधीची कामे तिघांनी छापील कागदांवर रंगीत पेनांनी खुणा करून निभावली होती. एवढा मजकूर तसा पेलणार नाही म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. (प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे आणि मुलाखतींचे आकडे उदाहरणापुरते आहेत. चुका मात्र पहिल्या वापरात नेहमी भेटणाऱ्याच आहेत.)

साधन निवडताना

एनव्हिवो, ॲटलास.टीआय आणि मॅक्सक्यूडीए ही या क्षेत्रातली तीन जुनी नावे. तिघांचीही मुळे १९८०च्या दशकात आहेत. पडदे वेगळे, बटणांची नावे वेगळी, पण पायाभूत कामे सगळीकडे तीच: मजकुराचा तुकडा निवडणे, त्याला कोड लावणे, एका कोडखालचे सगळे तुकडे एकत्र वाचायला काढणे, आणि कोड एकमेकांशी किंवा मुलाखत देणाऱ्यांच्या माहितीशी ताडून पाहणे. नवशिक्याला या चारांपलीकडचे फारसे काही पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही. म्हणून ‘सर्वांत चांगले कोणते’ याची चर्चा लवकर संपवलेली बरी. अडचणी आधी मांडल्या की निवड आपोआप होते.

या गटाच्या अडचणी तीन. परवान्याला पैसे नव्हते. दोन संगणक विंडोजचे, एक मॅकचा, आणि दोन्हींकडे प्रकल्पाची फाइल सारखीच उघडेल असे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये गृहीत धरता येत नाही. एनव्हिवोच्या विंडोज आणि मॅक आवृत्त्यांच्या फाइली वेगवेगळ्या आहेत. तिसरी अडचण संमतिपत्रातली: मुलाखतीचा मजकूर गटाच्या संगणकांबाहेर जाणार नाही, असे त्यात लिहून दिलेले. त्यामुळे मजकूर बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवून आपोआप कोड सुचवणारी सोय (ॲटलास.टीआयमध्ये ती २०२३पासून आहे) चर्चेलाच आली नाही.

उरली मोफत आणि मुक्तस्रोत साधने. टॅगेट अगदी सुटसुटीत: मजकूर निवडा, टॅग लावा, टॅगनुसार बाहेर काढा. संगणकावर बसवले की ते ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे मजकूर इंटरनेटवर गेला असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्याच संगणकावर असतो. मात्र असे बसवलेले टॅगेट एकट्याचे असते. एकाच प्रकल्पावर अनेकांनी काम करायचे तर ते सर्व्हरवर चालवावे लागते. दुसरे साधन क्वालकोडर. ते शिकायला जड आहे, पण त्यात मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीची ‘केस’ करता येते, केसला वय, वॉर्ड, अनुभव असे गुणधर्म जोडता येतात, मेमो (स्वतःसाठीच्या टिपा) लिहिता येतात आणि दोन जणांचे कोडिंग ताडता येते.

ठरले असे: सहा मुलाखतींवर टॅगेटमध्ये कच्चे कोडिंग करायचे, कोडांची यादी पक्की झाली की ते टाकून द्यायचे आणि सर्व १८ मुलाखती क्वालकोडरमध्ये नव्याने करायच्या. पहिले कोडिंग टाकून द्यायचे हे आधीच ठरवणे या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता. कच्च्या कोडिंगवर जीव जडला की यादी दुरुस्त करायला हात धजावत नाही.

पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवू. चाचणी परवान्याचे दिवस मोजकेच असतात. सगळ्या फाइली तयार होण्याआधी तो सुरू केला तर ते दिवस टायपिंगच्या दुरुस्त्या करण्यात संपतात.

फाइली आत घेण्यापूर्वी

तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला टायपिंगचे चार ते सहा तास धरतात. १५ तासांचे ६० ते ९० तास झाले, म्हणून काम तिघांत वाटले आणि तिघांनी तीन पद्धतींनी टाइप केले. एकीने बोलणाऱ्यासाठी ‘मु:’ आणि ‘प:’ लिहिले, दुसरीने ‘मुलाखतकार -’, तिसरीने प्रश्न नुसते ठळक केले. कागदावर हे चालते. सॉफ्टवेअरला प्रश्न आणि उत्तर वेगळे ओळखायचे तर खूण सर्वत्र एकच हवी, परिच्छेदाच्या सुरुवातीला हवी आणि बोलणारा बदलला की नवा परिच्छेद हवा. ठळक अक्षर ही खूण नव्हे. फाइल साध्या मजकुरात उतरली की ठळकपणा निघून जातो आणि प्रश्न उत्तरात मिसळतो.

देवनागरीच्या अडचणी याहून चिवट. दोन मुलाखती जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप झालेल्या. वर्डमध्ये त्या मराठीच दिसत, कारण तो फाँट त्या संगणकावर होता. सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला. असा मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून पुन्हा डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात. पीडीएफचेही तेच. दिसायला नेटके, पण आतून मजकूर उचलला की वेलांट्या आणि मात्रा जागा बदलतात, आणि मग शब्द डोळ्यांसमोर असून शोधला तर सापडत नाही. वर्डची किंवा साध्या मजकुराची फाइल घ्यावी.

‘ॲडमिशन’ शोधले तर निम्मेच सापडले. कारण ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. दिसायला सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ऱ्या’ मधल्या ऱ चेही असेच. सगळ्या फाइलींत शोधा-बदला करून एकच रूप ठेवले, अर्ध्या तासाचे काम. ते आयातीपूर्वीच करायचे. टॅगेटमध्ये आत घेतलेला मजकूर बदलता येत नाही. इतर साधनांत बदलता येतो, पण बाहेर दुरुस्त केलेली फाइल पुन्हा आत घेतली तर ती नवी फाइल ठरते आणि जुनीवरचे कोड तिच्यावर येत नाहीत.

फाइलींची नावे ०१, ०२ अशी, शून्यासह. नाहीतर १ नंतर १० येतो. नावात परिचारिकेचे नाव नाही, फक्त क्रमांक. क्रमांक आणि खरे नाव जुळवणारा तक्ता वेगळा, पासवर्डखाली, प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर. मजकुरातली वॉर्डांची आणि सहकाऱ्यांची नावेही याच टप्प्यावर बदलली. एकदा कोड लागल्यावर ती बदलायला गेले की एखादे तरी सुटते, आणि सुटलेले नेमके अहवालातल्या अवतरणात उगवते.

प्रकल्पाचे फोल्डर आपोआप सिंक होणाऱ्या जागी ठेवू नये. काम चालू असताना डेटाबेस सतत लिहिला जातो आणि सिंक करणारा प्रोग्राम तो अर्धवट उचलतो. परिणाम: न उघडणारा प्रकल्प किंवा एकाच नावाच्या दोन प्रती. क्वालकोडरचा प्रकल्प म्हणजे एक फाइल नव्हे, पूर्ण फोल्डर असते. आतली डेटाबेसची फाइल तेवढी उचलून पेन ड्राइव्हवर घेतली तर मूळ दस्तऐवज मागेच राहतात.

१४३ कसे झाले

तिघांनी प्रत्येकी दोन मुलाखती घेतल्या आणि आपापल्या टॅगेटमध्ये सुरुवात केली. कोडांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये काढून एकाखाली एक लावल्या तेव्हा १४३चा आकडा समोर आला.

काही वाढ साधी होती. एकीचा ‘थकवा’, दुसरीची ‘दमणूक’, तिसरीचा ‘शीण’. एकाच गोष्टीची तीन नावे. वाचून, तुकडे पडताळून एकत्र केली. ‘महत्त्वाचे’ आणि ‘इतर’ हे दोन कोड तर कोडच नव्हते. ‘महत्त्वाचे’ ही मेमोत लिहायची गोष्ट, आणि ‘इतर’ म्हणजे विचार पुढे ढकलल्याची नोंद. त्यांतले तुकडे एकेक वाचून योग्य जागी हलवले.

खरा फुगवटा वेगळा होता. कोडांखाली उपकोड लावत गेल्याने त्यांचे झाड असे वाढले होते: ‘वरिष्ठ’ खाली विश्वास, मदत, टोमणे, दुर्लक्ष. ‘सहकारी’ खाली पुन्हा विश्वास, मदत, टोमणे, दुर्लक्ष. ‘घर’ खालीही तेच चार. तीन गुणिले चार, बारा कोड. डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांचीही भर पडली की वीस. असे झाड प्रत्येक नव्या माणसागणिक चार फांद्यांनी वाढते, आणि ‘सर्वांकडून मिळणारी मदत’ वाचायची झाली तर पाच ठिकाणांहून गोळा करावी लागते. उपाय म्हणजे दोन वेगळ्या याद्या: एक ‘कोण’ ची, एक ‘काय’ ची. तुकड्याला दोन्ही याद्यांतून एकेक कोड लावायचा. पाच अधिक चार, नऊ कोड. ‘वरिष्ठांकडून मदत’ हवी तेव्हा सॉफ्टवेअर दोन कोड जिथे एकत्र पडतात ते तुकडे काढून देते, आणि हेच काम ते माणसापेक्षा उत्तम करते. झाडात तोच शब्द दुसऱ्यांदा दिसला की समजावे, दोन प्रश्न एका फांदीत अडकले आहेत.

एकेकदाच वापरलेले ६१ कोड सरसकट पुसले नाहीत. एकदाच आलेली गोष्ट कधी कधी सर्वांत बोलकी असते. पण त्यांतले बरेच कोड म्हणजे वाक्याचा सारांश होता: ‘सकाळी पडदे लावून झोपणे’, ‘फोन बंद ठेवणे’, ‘मुलांना शेजारी पाठवणे’. तिन्ही मिळून ‘दिवसाच्या झोपेची तजवीज’. शेवटी २६ कोड उरले, पाच गटांत.

कोडाची हद्द

२६ कोडांची नावे ठरली म्हणजे काम झाले असे वाटून गट थेट पुढच्या मुलाखतींकडे निघाला होता. नाव पुरत नाही. कोडबुकातल्या (कोडांचे अर्थ लिहिलेल्या यादीतल्या) प्रत्येक नोंदीत अर्थ, काय घ्यायचे, काय घ्यायचे नाही आणि एक नमुना, एवढे लागते. ‘तुटक झोप’ ची नोंद अशी झाली:

अर्थ: दिवसा झोपल्यावर सलग झोप न मिळणे. घ्यायचे: मध्येच जाग येणे, उठवले जाणे, अर्धवट गुंगी. घ्यायचे नाही: झोपच न लागणे (तो ‘झोप न येणे’), वॉर्डात काम करताना येणारी डुलकी (ती ‘कामावरची पेंग’). नमुना: ‘डोळा लागतो, पण दर तासाला जाग. घंटा वाजली असं वाटतं.’

‘घ्यायचे नाही’ ची ओळ सर्वांत उपयोगी, आणि नेमकी तीच लोक लिहायची टाळतात. दोन कोडांमधली सीमा तिथेच आखली जाते. ही नोंद सॉफ्टवेअरमध्ये कोडाच्या मेमोतच ठेवायची. वेगळ्या कागदावर राहिली तर तिसऱ्या दिवसापासून कोणी उघडत नाही.

तुकडा केवढा घ्यायचा हेही लिहून ठेवावे लागले. नियम असा केला: तुकडा मुलाखतीबाहेर, एकटा वाचला तरी कळला पाहिजे. ‘हो, नेहमीच’ एवढेच उत्तर असेल तर आधीचा प्रश्नही निवडायचा.

जुळणी आणि तिचा फसवा आकडा

क्वालकोडरमध्ये एका वेळी एकीनेच प्रकल्प उघडायचा, काम संपले की तारीख घातलेली प्रत पुढचीकडे द्यायची, अशी पाळी लावली. प्रत्येकीने काम सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये आपले नाव निवडायचे. पहिल्या फेरीत दोघींनी एकाच नावाखाली काम केले, आणि कोणते कोडिंग कोणाचे हे सॉफ्टवेअरला वेगळे करता येईना. त्या मुलाखतीचे कोडिंग पुन्हा करावे लागले. अशा चुकीला नंतर उतारा नाही.

दोघींनी एकच मुलाखत स्वतंत्रपणे कोड केल्यावर जुळणीचा अहवाल काढला. ‘कामाची वाटणी’ या कोडावर सहमती ९८.३ टक्के. आनंद अल्पकाळ टिकला, कारण शेजारी ‘कप्पा’ हा जुळणीचा दुसरा, अधिक कडक आकडा होता ०.६६ (पूर्ण जुळणी म्हणजे १).

हिशेब असा आहे. क्वालकोडर सहमती अक्षरागणिक मोजते. मुलाखत ३०,००० अक्षरांची. पहिलीने ६०० अक्षरे निवडली, दुसरीने ९००, त्यांतली ५०० सामाईक. दोघींनीही न निवडलेली अक्षरे २९,०००, आणि तीही ‘सहमती’ तच धरली जातात. म्हणून २९,५०० भागिले ३०,०००, ९८.३ टक्के. कोड जितका विरळ तितका हा टक्का फुगतो. जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये मांडलेला कप्पा योगायोगाने होणारी सहमती वजा करतो. इथे ती ०.९५१ भरते आणि उरलेल्यातून ०.६६ मिळतात.

‘तुटक झोप’ वर कप्पा आला ०.२३. हद्द इतकी नीट लिहिलेल्या कोडावर हे कसे? उघडून पाहिले तर दोघींनी अगदी तीच जागा पकडली होती. एकीने ८० अक्षरांचे वाक्य घेतले, दुसरीने ते वाक्य असलेला ६०० अक्षरांचा पूर्ण परिच्छेद. मतभेद अर्थाचा नव्हताच, पेन कुठे टेकवायचे याचा होता. तुकड्याच्या नियमात ‘किमान पूर्ण वाक्य, कमाल एक उत्तर’ अशी भर घातली. ‘दुर्लक्ष’ या कोडावरही कप्पा कमी आला, पण तिथे जागाच वेगळ्या होत्या. एकीने वरिष्ठांचे न ऐकणे धरले, दुसरीने परिचारिकेने स्वतःच्या दुखण्याकडे केलेला काणाडोळा. तो कोड दोन झाला, एकूण २७. कमी कप्पा दिसला की आधी तुकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत; बैठक त्यानंतर.

हा आकडा प्रत्येक अभ्यासाला लागतो असेही नाही. विश्लेषक एकच असेल, किंवा अर्थ लावण्यातला वैयक्तिक भाग मान्य करणारी पद्धत असेल, तर कप्पा छापणे हा निव्वळ देखावा ठरतो. इथे तिघींत मुलाखती वाटायच्या होत्या, म्हणून तो लागला.

मोजणी वाचताना

सगळ्या १८ मुलाखती झाल्यावर ‘थकवा’ पहिल्या क्रमांकावर: ९७ तुकडे. पैकी ४१ एकट्या सातव्या मुलाखतीतले. ती परिचारिका भरभरून बोलणारी, आणि कोड करणारीने तिचे प्रत्येक वाक्य वेगळे निवडलेले. एक उत्तर एकसंध निवडले की एक तुकडा, चार वाक्ये वेगळी निवडली की चार. म्हणजे तुकड्यांची संख्या बऱ्याच अंशी निवडण्याच्या सवयीची संख्या असते. शेजारचा दुसरा स्तंभ, किती मुलाखतींत आले, तो आधी वाचावा. ‘थकवा’ ११ मुलाखतींत होता, आणि फक्त २८ तुकड्यांचा ‘दिवसाच्या झोपेची तजवीज’ १६ मुलाखतींत. मूळ प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या कोडात दडले होते. झोप ही आपोआप येणारी गोष्ट न राहता रोज जुळवून आणायचे घरकाम झाली होती.

गुणधर्मांशी ताडताना एक अडचण. पाच वर्षांहून अधिक अनुभवाच्या १२ जणी, कमी अनुभवाच्या ६. ‘तजवीज’ पहिल्या गटात ११ जणींकडे, दुसऱ्यात ५ जणींकडे. तक्त्यात ११ समोर ५ पाहून अनुभवी परिचारिका दुप्पट तजवीज करतात असे वाक्य मसुद्यात आले होते. १२तल्या ११ आणि ६तल्या ५, फरक नाहीच. वाक्य काढले. त्या चौकोनावर क्लिक करून तुकडे वाचल्यावर मात्र वेगळाच फरक दिसला: अनुभवी तजवीज ठरलेली म्हणून सांगतात, नव्या ती रोज मागून घ्यावी लागते म्हणून सांगतात. हे कोणत्याही तक्त्यात नव्हते.

शब्दढग (जास्त वेळा आलेले शब्द मोठ्या अक्षरांत दाखवणारे चित्र) एकदा करून पाहिला. सर्वांत मोठे शब्द ‘म्हणजे’, ‘आहे’, ‘मग’. वगळायच्या शब्दांची यादी स्वतः दिल्यावरही ‘झोप’, ‘झोपेची’, ‘झोपेला’, ‘झोपायला’ वेगवेगळे मोजले गेले. मराठीतली विभक्तीची रूपे एकत्र धरण्याची सोय या साधनांत सहसा नसते. काही साधने तर मात्रेपाशीच शब्द तोडतात. शोधताना ‘झोप’ एवढा आरंभ देऊन पुढे काहीही चालेल अशी खूण लावली की काम भागते. शब्दढग अहवालात घेतला नाही.

बंद करताना

काम संपल्यावर प्रकल्प रेफी-क्यूडीए या देवाणघेवाणीच्या मानकात काढून ठेवला. या मानकात कोडबुकाची फाइल वेगळी आणि पूर्ण प्रकल्पाची वेगळी असते, आणि मोठी साधने ते वाचतात, त्यामुळे पुढे कोणी दुसरे सॉफ्टवेअर घेतले तरी काम वाया जात नाही. काढलेली फाइल लगेच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत उघडून पाहिली; चाचणीचे मोजके दिवस खर्च करायला ही जागा योग्य. दस्तऐवज, कोड, तुकडे आणि मेमो आले. ताडणीचे तक्ते आले नाहीत. या मानकात साठवलेल्या क्वेरी (जपून ठेवलेले शोध) आणि आलेख प्रवास करत नाहीत. तक्ते स्प्रेडशीटमध्ये वेगळे काढून, प्रत्येकाच्या नावात तारीख आणि वापरलेले कोड लिहून, त्याच फोल्डरमध्ये ठेवले. टॅगेटमधले सहा मुलाखतींचे कच्चे कोडिंग ठरल्याप्रमाणे पुसले. १४३ कोडांची स्प्रेडशीट तेवढी ठेवली, कोणता कोड कुठे मिसळला याचा एक स्तंभ जोडून.